आपला हात

मराठी भाषेने शरीराच्या इतर कोणत्याही अवयवापेक्षा हातावर अधिक लोभ केला आहे, असे मला पुष्कळदा वाटते. कुशल मनुष्याचा एखाद्या कामात हातखंडा असतो. ज्याला कामाची रीत साधली त्याला हातोटी साधली, असे आपण म्हणतो. वैद्याला हातगुण असतो, कृपण हात आखडता घेतो, शेजारी हातभार लावतो, आणि प्रसंग बिकट झाला म्हणजे गोष्ट हाताबाहेर जाते. सकाळी अंथरुणातून उठताच प्रथम आपल्या तळहाताचे दर्शन घ्यावे, अशी आपल्या वाडवडिलांची चाल होती. इतका मान देऊनही हाताकडे आपण खरोखर पाहतो थोडेच. आज सकाळी सदऱ्याची गुंडी लावताना आपल्या बोटांनी नेमके काय काय केले, असे कोणी विचारले तर आपणांपैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. जुना, इमानी नोकर घरात वावरत असावा आणि धन्याला त्याची आठवणही नसावी, तसेच हे आहे.

माझे लक्ष या नोकराकडे गेले ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. मी लातूरच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. ती नांदेडला असते. महिन्यातून एकदा तरी एस.टी.ने चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे मागे टाकीत मी तिच्याकडे जातो. गेली चौदा वर्षे तिला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मज्जासंस्थेचा विकार आहे. तो जडला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि आमच्या घराण्यात तिच्याइतके सुरेख अक्षर कोणाचेच नव्हते. आरंभी एका डोळ्यापुढे धुके आल्यासारखे झाले; तीन आठवड्यांत ते ओसरले आणि आम्ही सारे ते विसरलो. वर्षभराने उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या व फळ्यावर लिहिता लिहिता खडू बोटांतून गळून पडू लागला. कोणी अशक्तपणा म्हटले, कोणी वात, कोणी मानेचा मणका. शेवटी हैदराबादेस मेंदूचा एम.आर.आय. काढला, तेव्हा दुखण्याचे नाव कळले.

नाव परके असले तरी रोगाची रीत समजण्यास कठीण नाही. मेंदूकडून हाताकडे आणि हाताकडून मेंदूकडे निरोप नेणारे जे तंतू असतात, त्यांतील पुष्कळांवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. विजेच्या तारेवर रबराचे असते तसे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी काही कारणाने या वेष्टणालाच शत्रू समजून त्यावर तुटून पडतात. कुंपणानेच शेत खावे, अशातला हा प्रकार. जेथे वेष्टण झिजते तेथे निरोप रेंगाळतो, अर्धाच पोहोचतो किंवा अजिबात पोहोचत नाही. पुढे त्या जागी कठीण व्रण उरतो. असे व्रण मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत अनेक ठिकाणी होतात, म्हणून हे नाव. १८६८ साली पॅरिसच्या शार्को या वैद्याने या विकाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे मनुष्य संसारात उभा राहत असतो त्याच वयात येतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. हा थंड देशांतला रोग, अशी आपल्याकडे पुष्कळ काळ समजूत होती. मुंबईच्या पारशी समाजात तो इतरांहून अधिक आढळतो, हे १९८० नंतरच्या दशकात तेथील डॉक्टरांनी दाखवून दिले, आणि एम.आर.आय.ची यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली तसतसे मराठी घरांतूनही त्याचे नाव ऐकू येऊ लागले.

या दुखण्यात हात ‘जातो’ असे आपण सहज म्हणतो. पण हात एका रीतीने जात नाही. तो निदान चार रीतींनी जातो, आणि त्या चारही मी माझ्या बहिणीच्या घरी पाहिल्या आहेत.

पहिली रीत बळ जाण्याची. ही सर्वांना समजते. डब्याचे झाकण निघत नाही, ओले लुगडे पिळता येत नाही, कुकरची शिट्टी बसवावी तर कान बरोबर जुळत नाही. दुसरी रीत स्पर्श जाण्याची, आणि ती फार फसवी आहे. हातात बळ असते, बोटे मिटतात व उघडतात, परंतु त्यांनी काय धरले आहे ते त्यांना कळत नाही. पिशवीत हात घालून पाच रुपयांचे नाणे काढावयाचे तर ते नाणे की किल्ली, हे डोळ्यांनी पाहावे लागते. रात्री वीज गेली की माझ्या बहिणीचा उजवा हात जवळजवळ निरुपयोगी होतो, कारण त्याला डोळ्यांची काठी लागते. तिसरी रीत कंपाची. हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना मुळीच कापत नाही. तो पेल्याकडे निघाला की कापू लागतो, आणि पेला जसजसा जवळ येतो तसतसा अधिक कापतो. पाहणाऱ्याला वाटते, बाई घाबरली आहे. चौथी रीत थकव्याची. सकाळी आठ वाजता जो हात भाजी चिरतो, तोच अकरा वाजता सुरी धरीत नाही. आणि दोन्ही वेळी तो दिसावयास सारखाच दिसतो.

या चौथ्या रीतीत आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्याची भर पडते. १८९० साली ऊटहोफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याला असे आढळले, की या रोग्यांची दृष्टी श्रम केल्यावर काही काळ मंदावते व विश्रांतीने पुन्हा येते. मागाहून कळले, की याचे मूळ श्रमात नसून श्रमाने वाढणाऱ्या उष्णतेत आहे. वेष्टण झिजलेल्या तंतूतून निरोप कसाबसा जात असतो. शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी तो अडतो. अपाय कायमचा नसतो. शरीर निवले की निरोप पुन्हा चालू होतो. परंतु मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो आणि स्वयंपाकघरात गॅसजवळ उभे राहावे लागते, तेव्हा या शास्त्रीय समाधानाचा फारसा उपयोग होत नाही. ओला पंचा मानेभोवती गुंडाळून माझी बहीण सकाळी सातच्या आत दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकते. उन्हाळ्याचे तीन महिने तिचे घड्याळ इतरांपेक्षा तीन तास पुढे असते.

इतके असूनही लोक विचारतात ते पायांविषयी. “चालता-फिरता येतं ना? मग देवाची कृपाच म्हणायची!” असे म्हणून शेजारच्या बायका समाधानाने परत जातात. यात त्यांचा दोष नाही. वैद्यकानेही पुष्कळ दिवस असेच केले. अमेरिकेतील कुर्त्झके या डॉक्टरांनी १९८३ साली या रोगाची शून्यापासून दहापर्यंत जी मोजपट्टी सिद्ध केली, ती आजही जगभर वापरतात. चारच्या पुढे तिचे अंक मुख्यतः मनुष्य किती अंतर चालतो, काठी घेतो की चाकांच्या खुर्चीत बसतो, यावर ठरतात. ज्याला अर्धा कोस चालता येते पण स्वतःची वेणी घालता येत नाही, त्याचे दुःख या पट्टीवर नीट उतरत नाही.

हाताचे मोजमाप करणारी एक साधी परीक्षा आहे. एका फळीला नऊ भोके असतात आणि शेजारच्या वाटीत नऊ लहान खुंट्या. एका हाताने एकेक खुंटी उचलून भोकात बसवावयाची व सर्व बसल्या की एकेक काढून वाटीत टाकावयाची. परीक्षक घड्याळ लावून बसतो. मग दुसऱ्या हाताची पाळी. निरोगी मनुष्याला साधारण वीस सेकंद पुरतात. १९९० नंतरच्या दशकात तज्ज्ञांनी चालणे, हात आणि बुद्धी यांचे जे तिहेरी मापन सुचविले, त्यात हाताच्या वाट्याला हीच परीक्षा आली. आणि तिच्या वेळेत पंचमांशाने फरक पडला तर हातात खरोखर बदल झाला, असे सामान्यतः मानतात. माझ्या बहिणीच्या उजव्या हाताला गेल्या वेळी एकावन्न सेकंद लागले, डाव्याला एकतीस. परत येताना गाडीत ती म्हणाली, “दादा, त्या खुंट्यांपेक्षा यांनी मला एक भाकरी थापायला सांगायची होती.”

मी या बोलण्यावर पुष्कळ विचार केला, आणि मला ते अगदी यथार्थ वाटते. ज्वारीच्या पिठात कढत पाणी घालून ते मळावयास बळ लागते. परातीत भाकरी थापताना कड जाड राहिली की पातळ झाली, हे डोळ्यांआधी बोटांना कळावे लागते. एका हाताने थापावयाचे आणि त्याच वेळी भाकरी गोल फिरत ठेवावयाची, यात हाताचा मेळ लागतो. आणि शेवटी ती ओली, जड चकती तळहातावर उचलून मोडू न देता तव्यावर टाकावयाची, यात क्षणाचीही थरथर चालत नाही. बळ, स्पर्श, मेळ, स्थैर्य, सारे एका भाकरीत आले. आमच्याकडच्या कोणत्याही घरातील बाई हे दिवसातून पंधरा-वीस वेळा करते आणि ‘आज काही विशेष काम नव्हतं’ असे सांगते.

पाश्चात्त्य जगातील एक उदाहरण येथे आठवते. जॅकलीन द्यू प्रे ही इंग्रज बाई चेलो या मोठ्या तंतुवाद्याच्या वादनात विशीतच जगप्रसिद्ध झाली होती. १९७३ च्या आरंभी न्यूयॉर्क येथे वाजवताना तिच्या बोटांना तारा नीट जाणवेनात, आणि बोट कोठे ठेवावे हे तिला डोळ्यांनी पाहून ठरवावे लागले. त्याच वर्षी रोगाचे निदान झाले. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. पुढे तिला मैफलीत वाजवता आले नाही. तिने शिष्यांना शिकविले आणि १९८७ साली ती वारली. तिच्यासाठी जग हळहळले, आणि हळहळावयास हवेच होते. परंतु भाकरी थापणारी बोटे जेव्हा अशीच मुकी होतात, तेव्हा त्या घराच्या भिंतींपलीकडे ते कोणाला कळतही नाही.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन या औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतर आणखी पुष्कळ औषधे निघाली. त्यांनी नवे झटके कमी होतात, रोगाची चाल मंदावते. गेलेला हात मात्र त्यांनी परत येत नाही. ती महाग आहेत, आणि सामान्य शिक्षकाच्या घराला हा खर्च वर्षानुवर्षे पेलणे ही स्वतंत्र तपश्चर्याच आहे. हाताच्या कामी पडते ते व्यायामाचे आणि युक्तीचे शास्त्र. जे काम करावयाचे त्याचाच थोडाथोडा, रोज सराव केला तर शिल्लक राहिलेल्या तंतूंचा उपयोग करून घेण्यास मेंदू शिकतो. बाकीचे काम युक्ती करते. माझ्या बहिणीच्या घरी पळीच्या व उलथन्याच्या दांड्यांना जुने कापड गुंडाळून त्या जाड केल्या आहेत, कारण जाड दांडी कमी बळाने धरता येते. परातीखाली ओले फडके असते, म्हणजे ती सरकत नाही. चहा हलक्या कपाऐवजी जड पितळी पेल्यातून, तोही अर्धाच भरून, कोपर टेबलावर टेकवून ती घेते. वजनाने तिचा कंप जरा आवरतो. पोलक्याच्या हुकांच्या जागी चिकटपट्टी आली आहे, आणि साडीच्या निऱ्या शिवून घेतल्या आहेत. यातील एकही वस्तू परदेशातून आणलेली नाही.

परंतु सर्वांत कठीण गोष्ट युक्तीने सुटणारी नव्हती. ती म्हणजे घरातील माणसांची माया. आमची आई बहिणीजवळच राहते. मुलीचा हात कापताना पाहिला की तिच्याने राहवत नाही. “राहू दे गं, मी करते,” हे वाक्य त्या घरात दिवसातून कितीदा उच्चारले जात असेल, याची गणती नाही. आई म्हणते, मुलगी हैराण होते, घटकेच्या कामाला अर्धा तास लावते, भांडी फुटतात. हे सारे खरे आहे. दाजींचे, म्हणजे माझ्या मेहुण्यांचे, मत याच्या उलट. ते म्हणतात, हाताला काम मिळाले नाही तर उरलासुरला हातही जाईल, म्हणून तिने सगळे केले पाहिजे. त्यांचेही म्हणणे शास्त्राला धरून आहे. एके दिवशी दोघांचा वाद रंगला असता बहीण मध्येच म्हणाली, “आई, तू माझं काम घेतेस, आणि हे मला काम लावतात. माझ्या हाताचं मला कुणी विचारीत नाही.”

वाद तेथेच थांबला. मग तिने आपल्या मनातील हिशोब सांगितला. तिच्या हातात दिवसाकाठी मोजकेच बळ असते. ते कोठे खर्चावयाचे हे तिने ठरविले होते. भाकरी तिने सोडली होती. भाकरीवर तिचे प्रेम नव्हते असे नाही. पण दोन भाकऱ्यांत सारी सकाळ संपत होती. भाकऱ्या आईने कराव्यात. निऱ्या शिंप्याने शिवाव्यात. परंतु मुलीची शाळेची वेणी तिला स्वतः घालावयाची होती, मग त्यासाठी मुलीला पंधरा मिनिटे आधी उठावे लागले तरी चालेल. स्वतःचे पान स्वतः वाढून घ्यावयाचे होते. आणि सही स्वतः करावयाची होती.

या सहीची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिचे खाते असलेल्या बँकेत एकदा सही जुळत नाही म्हणून धनादेश परत आला. ती समक्ष गेली. तिने पुन्हा सही केली, तीही जुळली नाही, खिडकीमागच्या तरुणाने शाईची डबी पुढे सरकवली आणि सौजन्यानेच म्हटले, “मॅडम, अंगठा द्या ना, सोपं पडेल.” त्याच्या मनात अपमान करण्याचा हेतू मुळीच नव्हता. पण ज्या बाईने अठरा वर्षे लहान मुलांची बोटे हातात धरून त्यांना स्वतःचे नाव लिहावयास शिकविले, जिच्या वर्गातील मुलांनी घरी जाऊन अंगठा उठवणाऱ्या आज्यांना अक्षरे गिरवावयास लावली, तिच्यापुढे ती शाईची डबी आली होती. तिने डबी परत सरकवली आणि नवी नमुना सही नोंदविण्याचा कागद मागितला. तो भरावयास तिला वीस मिनिटे लागली. मागे रांग खोळंबली होती. आज तिची सही वाकडीतिकडी, उतरंडीसारखी आहे; पण बँकेत तीच नोंदली आहे, आणि ती जुळते.

कायद्याने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते व त्यांत या रोगाचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख केला. या रोग्यांसाठी १९८५ पासून मुंबईत एक संस्था काम करीत आहे. तिच्यासारख्यांच्या खटपटीने हे नाव लोकांच्या कानी पडले. तथापि प्रमाणपत्र मिळाले तरी दिसणाऱ्या अपंगत्वाला जी वाट मिळते ती न दिसणाऱ्याला सहजी मिळत नाही. काठी पाहून लोक बाजूला होतात. पैसे मोजताना अडखळणाऱ्या बोटांमागे उभे राहून मात्र ते घसा खाकरतात.

स्वावलंबन या शब्दाचा अर्थ मी पूर्वी पुस्तकांतून शिकविला आहे. सर्व कामे आपली आपण करणे, असा तो सामान्यतः घेतला जातो. माझ्या बहिणीच्या घरी मला तो निराळा दिसला. कोणते काम आपण करावे आणि कोणते दुसऱ्याच्या हाती द्यावे, हे ठरविणे ज्याच्या हाती आहे तो स्वावलंबी. सारी कामे हिसकावून घेणारी माया आणि सारी कामे लादणारी शिस्त, दोन्ही हे ठरविणेच काढून घेतात. म्हणून अशा घरातील माणसांनी शिकावयाचे ते एवढेच, की आधी विचारावे आणि मग थांबावे. विचारणे सोपे आहे. थांबणे फार कठीण आहे. समोर आपले माणूस एका गुंडीशी पाच मिनिटे झगडत असावे आणि आपण हात मांडीवर ठेवून इकडच्या तिकडच्या गोष्टी करीत बसावे, याला निरोगी माणसाच्या हातांनाही सराव लागतो. आमच्या आईने तो वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी केला.

गेल्या येळवसेला आम्ही सारे लातूरजवळच्या आमच्या शेतात जमलो होतो. मार्गशीर्ष अमावास्येचा हा आमच्या भागातला मोठा सण. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शेते माणसांनी भरून जातात. थंडीच्या दिवसांत बहिणीचा हात बराच चालतो. बाजरीचे उंडे वळण्याचे काम तिने मागून घेतले. त्यात बोटांच्या नाजूकपणापेक्षा तळहाताचे काम अधिक. कोणी लिंबाएवढा, कोणी पेरूएवढा, असे नाना आकारांचे उंडे झाले. जेवावयास बसल्यावर आंबिलीचे भांडे तिच्यापुढे आले. तिने दोन्ही हातांनी ओगराळे धरले, थोडी आंबील पानात पडली आणि थोडी कडब्यावर सांडली. आई जागची हलली नाही. मी वातावरण हलके करावे म्हणून म्हणालो, “चालू दे! आपला हात जगन्नाथ!”

ती हसली आणि म्हणाली, “अरे दादा, त्या पुरीच्या जगन्नाथाला तरी कुठं बोटं आहेत?”

आणि तिने दुसरे ओगराळे भरून माझ्या पानात वाढले.